बन्सीला मी दारातनं परत लावला

हे मी कुणालाच सांगितलेलं न्हाई. पोरीला न्हाई, शेजाऱ्याला न्हाई. चार-दोन वेळा प्यालोबी हाय — खोटं कावून बोलू — पण पिऊनसुद्धा हे कधी तोंडातनं निसटलं न्हाई. जिला सांगायला पाहिजे होतं ती माघात गेली. दुसरा एक माणूस उरलाय, त्याला सांगायची माझ्यात हिंमत न्हाई. मंग राहिले तुमी. तुमी माझे कोण? कुणीच न्हाई. म्हणून तर तुमच्यापाशी बसलोय.

मी गवंडी. चौथीपर्यंत शाळा, त्याच्या पुढं थापी. केजमधी निम्म्या गल्ल्यांत माझ्या हातची एक तरी भिंत हाय. लिहायचं काम आपलं न्हाई. भिंत कधी वाकडी आली न्हाई, अक्षर वाकडंच येतं. जरा सबुरीनं वाचा.

गावाला काय ठावं हाय? येवढंच, की मिस्त्रीनं घर विकलं आणि दलालाची दलाली बुडवली. ते लपलेलं न्हाई. चहाच्या टपरीवर माझ्या तोंडावर बोलून दाखवणारे लोक हायत, आणि मीबी त्यांना उलटून बोलतो. घर विकताना लोक असले धंदे करतात. तुमी केले नसतील तर चांगलंच हाय. पण मला जे सांगायचंय ते दलालीचं न्हाई. ते त्याच्या पल्याडचं हाय — आणि तिथपर्यंत जायला वाट मात्र दलालीतनंच जाती.

तर आधी कौसा.

कौसा माझी बायको. बेचाळीस वर्षं संसार केला. बुटकी होती, माझ्या खांद्याच्या खाली. मी घर बांधलं तवा सैपाकाचा ओटा एक वीत खाली घेतला, तिला भाकरी थापायला टाचा वर करायला लागू नये म्हणून. घर विकल्यावर ज्यांनी घेतलं त्यांनी तो ओटा फोडला आणि उंच केला. त्यांच्यातली बाई उंच हाय, तिचं काय चुकलं? पण मी त्या गल्लीतनं चाललो होतो आणि घरातनं छिन्नीचा आवाज आला. मी वळलो आणि लांबच्या वाटेनं गेलो.

तिनं मला जन्मात नावानं हाक मारली न्हाई. ‘आवं’ म्हणायची. आता मला मिस्त्री म्हणतात, काका म्हणतात, नातवंडं आबा म्हणतात. ‘आवं’ म्हणणारं कुणी न्हाई. दुपारी जरा डोळा लागला की मला ते ऐकू येतं आणि मी ‘काय गं’ म्हणतो. मंग जाग येती.

कौसा चकलांब्याची. तिकडं गेवराईच्या अंगाला. आई-बाप लवकर गेले. एकुलता भाऊ होता, तो विहिरीच्या कामावर दरड पडून गेला. भावजय लेकरं घेऊन पुण्याकडं गेली ती गेलीच. घर पडलं. माहेर म्हणून काय उरलं? गावाचं नाव. एसटीच्या पाटीवर ‘गेवराई’ दिसलं तरी ही बाई गाडी नजरेआड होईपर्यंत बघत उभी राहायची.

भाऊ गेल्यापासून भाऊबीजेला ती चांदोबाला ओवाळायची. ज्या बाईला भाऊ न्हाई तिनं चांदोबाला भाऊ म्हणायचं, आमच्याकडं तशी रीत हाय. बीजेची कोर बारीक असती, आली तशी मावळती. ती ताट घेऊन घाईघाईनं अंगणात जायची, आणि मी वरनं चेष्टा करायचो — तुझा भाऊ लई घाईत असतो, चहासुद्धा घेत न्हाई म्हणून. ती हसायची. आता वाटतं, हसायची का खरंच? का मला बरं वाटावं म्हणून तोंड तसं करायची?

तर मी परांचीवरनं पडलो. मांडीचं हाड मोडलं, आत सळई घातली, आणि काम बंद झालं. पोरगी एकच, आशा, लिंबागणेशला दिलेली. आमाला दोघांना चार खोल्या कशाला? ठरवलं, हे विकायचं, गावाबाहेर अंबाजोगाई रोडला दोन पत्र्याच्या खोल्या घ्यायच्या आणि उरलं ते म्हातारपणाला ठेवायचं. कौसाला विकायचं न्हवतं. पण ती न्हाई म्हणली न्हाई. ती फक्त त्या ओट्यावर हात फिरवत बसली.

दलाल शोधायला मी तहसीलपाशी गेलो. तिथं स्टँपवाल्याच्या टेबलाशेजारी एक माणूस खुर्ची टाकून बसायचा, प्लॉट-घराची कामं करायचा. बन्सी त्याचं नाव. दुसऱ्या दिवशी घर बघायला आला. कौसा पाणी घेऊन बाहेर आली, तांब्या त्याच्या हातात दिला आणि त्याच्याकडं बघतच राहिली. म्हणली, तू चकलांब्याचा, मारुतीच्या बोळातल्या दगडूचा का रं? तो म्हणला, हो, पण तुमी? ती म्हणली, आरं मेल्या, मी तुला कडंवर घेऊन हिंडवलाय. माझ्या अंगावर दोनदा मुतलायस.

पन्नाशीचा माणूस, पांढरा शर्ट, खिशाला दोन पेन — लाजून लाल झाला. आणि मंग वाकून तिच्या पाया पडला. ‘आक्का’ म्हणला.

त्या दिवसापासून ती आक्का आणि मी दाजी.

वर्षभर बन्सी गिऱ्हाईकं आणत होता. बोलका लई. गिऱ्हाईकाला म्हणायचा, ह्या घराला भेग सापडली तर माझ्या मिशीला वस्तरा लावा. मला म्हणायचा, दाजी, तुमी घर बांधायला बसला होता का किल्ला? गिऱ्हाईक गेलं की हा जात न्हवता. खाली फतकल मारून बसायचा, आणि कौसा त्याला चकलांब्याचं विचारायची. कुणाची सून कशी निघाली. पाराजवळची चिंच हाय का तोडली. कुणाच्या विहिरीला पाणी टिकलं. तो गावाकडं जाऊन आला की कधी हुरडा आणायचा, कधी नुसती चार बोरं आणायचा रुमालात बांधून. ती बोरं ती एकेक करून खायची, बिया फेकायची न्हाई.

त्या वर्षी भाऊबीजेला बन्सी आला. पाटावर बसला. तिनं ओवाळलं. त्यानं ताटात पैसे टाकले आणि एक जांभळं लुगडं ठेवलं. तिचं तोंड त्या दिवशी कसं दिसत होतं ते मी तुमाला लिहून सांगू शकत न्हाई. मी बेचाळीस वर्षांत तिचं तसं तोंड करू शकलो न्हवतो — हे मात्र सांगतो. आणि मला ते बघून बरं वाटलं न्हाई. हेबी सांगतो. घरधन्याला बायकोच्या आनंदाचा जळफळाट होतो का? माझा झाला.

चैतात बन्सीनं एक ग्रामसेवक आणला. नवरा-बायको दोनदा येऊन बघून गेले. घर पसंत पडलं. बन्सी आधीच म्हणला होता, बाजारात शेकडा दोन चालतात, आक्काच्या घराला मी एकच घेणार. लिहून काही केलं न्हवतं. आक्काच्या घरी काय लिहून घ्यायचं, असं तोच म्हणला होता.

मंग एका दुपारी ग्रामसेवक एकटाच आला. म्हणला, मिस्त्री, मधला माणूस कशाला? त्याचं वाचलं तर तुमाला दोन पैसे जास्त देतो, माझंबी वाचतं. मी विचार केला का? केला. जितका वेळ चहा गार व्हायला लागतो तितका केला. बन्सीला सांगितलं, ग्रामसेवकाचं रद्द झालं आणि आमालाबी यंदा विकायचं न्हाई. तो म्हणला, बरं झालं दाजी, आक्काचा जीव ह्या घरात हाय.

रजिस्ट्रीला दिवस कुठला धरला माहिती हाय? बन्सी तहसीलपाशीच बसणारा माणूस. तो गावात असताना रजिस्ट्री करणं म्हणजे त्याच्या मांडीवर करणं. त्याच्या पुतण्याचा साखरपुडा होता चकलांब्याला. त्या दिवशी सकाळी कौसानं बुंदीच्या लाडवाचा डबा भरून त्याच्याजवळ दिला, गल्लीत वाट म्हणून. तो डबा घेऊन तो जीपमधी बसला, आणि अकरा वाजता मी कौसाला घेऊन ऑफिसात गेलो. घर दोघांच्या नावावर होतं, तिचा अंगठा लागणार होता. तिनं तिथं विचारलं, बन्सी कसा न्हाई? मी म्हणलो, त्याचं त्याला पोचलं, तो साखरपुड्याला गेलाय. तिनं यंत्रावर अंगठा ठेवला. फोटोला म्हणले वर बघा, तर वर बघितलं.

मी तिला असं फसवलं. पण हेबी ते न्हाई. मला जे सांगायचंय ते हे न्हाई. येतोय. येतोय मी तिथं.

आमी पत्र्याच्या खोल्यांत राहायला गेलो तवा बन्सी आला. त्याला स्टँपवाल्यानं सांगितलं होतं. त्यानं आरडाओरडा केला न्हाई. गल्लीतले दोघं-तिघं येऊन उभे राहिले, म्हणून मीच आवाज चढवला. म्हणलो, ग्रामसेवक माझ्या ओळखीनं आला, तू काय केलंस? गाडीवर आलास, चहा पिऊन गेलास.

तो म्हणला, “दाजी, तुमी भिंत बांधता ती दिसती. माझं काम दिसत न्हाई. दिसत न्हाई म्हणून झालंच न्हाई का?”

मला आयुष्यभर मालकांनी हेच म्हणलेलं हाय. काय केलंस मिस्त्री, विटेवर वीट तर ठेवलीस. ते ऐकून मी घरी येऊन जेवायचो न्हाई. आणि तेच मी दुसऱ्याला म्हणत होतो, आणि मला ते कळतबी होतं.

मंग बन्सी म्हणला, “मला कागद नको, पंच नको. आक्कानं सांगू दे. आक्का म्हणली मी गिऱ्हाईक आणलं न्हाई, तर मी हा चाललो.”

कौसा चौकटीत उभी होती. पदर तोंडाला. मी तिच्याकडं बघितलं. कसं बघितलं ते मला ठावं हाय आणि तिला ठावं होतं. तिनं मान खाली घातली. बोलली न्हाई. हो न्हाई, न्हाई न्हाई.

बन्सीनं खिशातनं गाडीची किल्ली काढली. मंग म्हणला, असू द्या आक्का. आणि चहा न घेता गेला. पुढं ऐकलं की त्यानं केजमधली खुर्चीच उचलली आणि गेवराईला जाऊन बसला.

कौसा माझ्याशी आठ दिवस बोलली न्हाई. नवव्या दिवशी भाकरी पुढं टाकताना म्हणली, “त्यानं तुमाला न्हवतं विचारलं. मला विचारलं होतं.”

मंग तिनं धोसरा लावला, त्याला फोन लावा. फोन माझ्याकडं, तिला लावता यायचा न्हाई. मी फोन कानाला लावायचो. काहीच लावलेलं नसायचं. कानाला धरून उभा राहायचो आणि म्हणायचो, बंद हाय गं. ती म्हणायची, परत लावा. मी परत कानाला धरायचो. तुमी केलंय का असं कधी? सोपं असतं. समोरच्याला वाचता येत नसलं की लई सोपं असतं.

पावसाळ्यात तिला धाप लागायला लागली. पायांना सूज. डॉक्टर म्हणले, काळजाचं हाय, जपा. तिनं काय जपलं? दोन शेळ्या होत्या तिच्या, त्या विकल्या. पैसे जुन्या लुगड्याच्या धडप्यात बांधून तांदळाच्या डब्यात ठेवले. बाजारात चकलांब्याकडची एक कासारीण बांगड्या घेऊन बसायची, तिच्यापाशी निरोप धाडला — बन्सीला म्हणावं, आक्कानं भाऊबीजेला बोलावलंय. तुझं जे हाय ते तुझ्या हातात देती, आणि जे खरं हाय ते तोंडानं बोलती.

हे मला तिनंच सांगितलं. चोरून केलं न्हाई. वर म्हणली, गल्लीतल्या त्या तिघांनाबी चहाला बोलवा. आणि तुमीबी बसायचं समोर.

भाऊबीज आली.

आता आलो बघा. हेच ते.

तिनं सकाळी करंज्या तळल्या. धाप लागायची तशी खाली बसायची, परत उठायची. ताट केलं — कुंकू, सुपारी, कणकेचा दिवा. पाट पुसून मांडला. ते जांभळं लुगडं काढून दोरीवर टाकलं, नेसायला. आणि दुपार व्हायच्या आधी ती न्हायला मोरीत गेली. मी दाराबाहेर स्टुलावर बसलो होतो.

गाडीचा आवाज आला. बन्सी. पांढरा शर्ट, हँडलला पिशवी. ऊन होतं, घाम आला होता. गेवराईवरनं गाडीवर येणं म्हणजे जवळ न्हाई. तो गाडीवरनं उतरला, माझ्या पाया पडला — माझ्या — आणि म्हणला, आक्काचा निरोप मिळाला.

मी म्हणलो, ती घरी न्हाई. लिंबागणेशला गेली, पोरीकडं.

मोरीतनं पाण्याचा आवाज येत होता. तांब्या बादलीवर वाजला. तिला न्हाताना पुटपुटायची सवय होती, ते पण ऐकू येत होतं, जरासं. बन्सीनं तिकडं बघितलं.

मी म्हणलो, नळ चालू राहिलाय.

तो पत्र्याकडं बघत उभा राहिला. मंग हळू आवाजात विचारलं, “दाजी, आक्का नको म्हणली का?”

आणि मी मान हलवली. हो अशी.

का? ती खरं बोलली असती, गल्लीसमोर, आणि मी तिथं बसलेला. ते नको होतं. पण तेवढंच असतं तर मी तुमाला सरळ सांगितलं असतं, भित्रा माणूस म्हणून सोडून दिलं असतं. खरं म्हणजे ते लुगडं दोरीवर होतं, आणि ती आत पुटपुटत होती, आणि मला ठावं होतं की बाहेर येऊन ती त्याच्याकडं बघून कसं तोंड करणार हाय.

मी पिशवीकडं हात केला. दे म्हणलो, आली की देतो. निलाजरा किती असावा माणूस? तो म्हणला, “ओवाळल्याबिगर देत नसतात, दाजी.” आणि गाडी वळवून गेला.

ती बाहेर आली. ओल्या केसांना पंचा गुंडाळलेला. म्हणली, आवं, कुणाची गाडी वाजली?

दूधवाला, म्हणलो.

ती नेसली. दारात बसली. दोन वाजले, चार वाजले. मी म्हणलो, दोन घास खाऊन घे. म्हणली, ओवाळल्याबिगर कशी खाऊ? आणि वर लई मन लावून म्हणली, रस्त्यात टायर-बियर फुटला असंल त्याचा. मी हो म्हणलो, असंल. गल्लीतले दोघं आले, चहा पिऊन, करंज्या खाऊन गेले. दिवस कलला.

मंग ती उठली. ताटातला दिवा लावला आणि अंगणात गेली. पश्चिमेला कोर होती, बारीक. तिनं ओवाळलं. मी स्टुलावर बसून होतो. दरवर्षी ज्या गोष्टीची मी चेष्टा करायचो, ती मी त्या दिवशी पूर्ण बघितली, सुरुवातीपासनं. ओवाळून झाल्यावर ती कोर मावळेपर्यंत तिथंच उभी राहिली. मी उठून सांगू शकलो असतो. फोन माझ्या खिशात होता, चालू होता. तो फार तर गेवराईत पोचला असंल, परत आला असता — जो माणूस माझ्या पाया पडला तो परत आला नसता का?

मी उठलो न्हाई.

ती पुढं त्यावर काही बोलली न्हाई. एकदाच म्हणली, माझी मान खाली गेली ती त्यानं बघितली ना, बरोबर हाय त्याचं.

माघात तिला अंबाजोगाईला दवाखान्यात ठेवलं. शेळ्यांचे पैसे तिथं गेले. पाचव्या दिवशी ती गेली.

घरी आणली. बायकांनी पाणी तापवलं आणि एकीनं विचारलं, माहेरचं लुगडं आलं का? सवाष्ण गेली की शेवटचं लुगडं माहेराचं लागतं. आशा माझ्याकडं बघायला लागली. मी म्हणलो, निरोप धाडलाय, बघून येतो स्टँडवर. निरोप कुणालाच धाडला न्हवता. पाय ओढत बाजारात गेलो. दुकानदार म्हणला, काका, हिरवं पाहिजे? लग्नाचं का? मी हो म्हणलो. त्यानं अजून चार काठ दाखवले. मी त्यातलं एक चांगलं निवडलं — हातात घेऊन, पोत बघून — आणि पेपरात गुंडाळून घरी आणलं. म्हणलो, चकलांब्याहून माणूस देऊन गेला, थांबला न्हाई. बायका आशाला म्हणल्या, बघ, बन्सीमामानं लाज राखली. तिला ते नेसवलं.

दहाव्याला बन्सी आला. कासारणीकडनं कळलं होतं त्याला. भिंतीला टेकून बसला, लांब. आशा त्याच्यासमोर पाणी ठेवायला गेली आणि रडत म्हणली, “मामा, तुमचं लुगडं वेळेवर आलं. आईला लई शोभलं.”

मी खाली बघितलं न्हाई. बघायला पाहिजे होतं, पण मान हलेना. बन्सी माझ्याकडं बघत होता. घर माणसांनी भरलेलं होतं. तो एक शब्द बोलला असता तर मी तिथंच संपलो असतो, आणि ते बरोबर झालं असतं.

तो आशाला म्हणला, “शोभणारच की पोरी. आक्का गोरी होती.”

पाणी प्याला. उठला. मी दारापर्यंत गेलो त्याच्या मागं. त्यानं गाडीला किल्ली लावली, पण चालू केली न्हाई. गाडीच्या आरशाकडं बघत विचारलं, “दाजी, जाताना आक्कानं माझं नाव काढलं का?”

दवाखान्यात तिला शुद्ध होती. शेवटच्या दिवशी सकाळपासून ती मला तीनदा म्हणली होती, आवं, बाहेर जाऊन बघा, बन्सी आला असंल, त्याला वॉर्ड सापडत नसंल. तिन्ही वेळा मी बाहेर जाऊन जिन्यापाशी उभा राहिलो आणि आत येऊन म्हणलो, अजून न्हाई.

हे माझ्या तोंडात होतं. अगदी दातांपाशी.

मी म्हणलो, “न्हाई. शुद्धीत न्हवती ती.”

बन्सीनं मान डोलावली. बरं, म्हणला. आणि गाडी चालू करून गेला.